मैत्रिणीबरोबर भाड्याचं घर घ्यायचंय, पण पैशांचं बोलणार कोण?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणारी २४ वर्षांची आहे, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. हिंजवडीत नोकरी करते. हातात दरमहा ३४,००० रुपये येतात. त्यातले ६,००० घरी जातात, शैक्षणिक कर्जाचा हप्ता ४,२०० आहे. सध्या ऑफिसपासून चालत जाता येईल अशा पीजीत राहते. नाश्ता आणि दोन वेळच्या जेवणासकट ९,५०० रुपये. बँकेत ६५,००० साठले आहेत. कॉलेजपासूनची एक मैत्रीण वाकडला टू बीएचके बघून आली आहे. भाडं २८,०००, डिपॉझिट एक लाख, शिवाय ब्रोकरला एका महिन्याचं भाडं. मैत्रिणीचा पगार हिच्या जवळपास दुप्पट. ती म्हणते, "सगळं निम्मं-निम्मं. डिपॉझिट सध्या मी भरते, तू सावकाश दे. अटॅच्ड बाथरूमची खोली मात्र माझी हं!" हिनं एक्सेलमध्ये मांडून पाहिलं: भाड्याचे १४,००० आणि लाइट-नेट-गॅसचे १,५०० गेले की ८,३०० उरतात. तिचे प्रश्न असे: "ताई, आकडे जुळतात तरी धाकधूक का वाटते? भाडं पगाराच्या ३० टक्क्यांच्या आत असावं म्हणतात, तो नियम मोडला तर काय होईल? घरी दोन-तीन महिने थोडे कमी पाठवले तर चालेल का? आई म्हणते, पीजीत काय वाईट आहे? आणि मुख्य म्हणजे मैत्रिणीशी पैशांचं बोलायची लाज वाटते. मैत्रीत हिशेब केलेला बरा दिसत नाही ना?"

---

अगं, तुझ्या एक्सेलमधली वजाबाकी बरोबर आहे. रकाने कमी पडलेत, आणि ती धाकधूक त्याचीच आहे. तुला आतून ठाऊक आहे की काहीतरी मांडायचं राहिलंय.

सगळ्यात मोठा रकाना जेवणाचा. पीजीच्या ९,५०० रुपयांत सकाळचे पोहे होते, दोन वेळची पोळी-भाजी होती, भांडी घासणारं कुणीतरी होतं, लाइट होती, पाणी होतं. तू या ९,५०० ची तुलना भाड्याच्या १४,००० शी करतेस, म्हणून फरक साडेचार हजारांचा वाटतो. तुलना करायची तर पीजीच्या आकड्यासमोर नव्या घरात 'जगण्याचा' आकडा ठेव. चल, मांडूनच बघू.

घरचे पैसे आणि हप्ता वजा जाता तुझ्याकडे २३,८०० राहतात. भाड्याचे १४,००० दिले की ९,८००. किराणा, दूध, भाजी, अंडी, फळं, अधूनमधून बाहेरचं पार्सल हे एका माणसामागे ४,००० च्या खाली आणायला बरीच शिस्त लागते, आणि पहिल्या वर्षी ती कुणाकडेच नसते. धुणीभांडी आणि झाडूपोछा यांना मावशी लावल्या तर तुझ्या वाट्याचे हजारेक. स्वयंपाकाच्या मावशी एकवेळच्या ठेवल्या तरी दोघींत साडेतीन हजार धर, म्हणजे तुझे १,७५०. महावितरणचं बिल, गॅस, वायफाय मिळून तुझ्या वाट्याचे १,३५०. इथपर्यंत ८,१०० झाले. आता ऑफिस. आज तू चालत जातेस. वाकडहून हिंजवडीला शेअर रिक्षा आणि बस करत गेलीस तर महिन्याला दीड हजार धर. कधी पाऊस, कधी उशीर, की कॅब केलीच.

उरले दोनशे.

त्यात मोबाइलचं रिचार्ज, शाम्पू, सॅनिटरी पॅड, डॉक्टर, ऑफिसात कुणाचा तरी निरोप समारंभ, गावाला जाणं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे हे नशीब, पण दोनशे रुपयांत तेही बसत नाही. यातले काही आकडे तुझ्या भागात शे-पाचशेनं इकडेतिकडे होतील, तू तुझे घाल. चित्र फारसं बदलणार नाही.

विजेबद्दल एक गोष्ट लक्षात ठेव, कारण पीजीतून येणाऱ्यांना ती पहिल्या बिलातच कळते. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतात. पहिल्या १०० युनिटचा दर वेगळा आणि १०१ ते ३०० चा बराच जास्त. दोघी, दोन खोल्यांतले पंखे, फ्रिज, गीझर, वर्क फ्रॉम होमचे दिवस असं सगळं धरलं तर १०० युनिट सहज ओलांडले जातात. एसी असलेलं घर दाखवून "एसी फुकट आहे बघा" असं ब्रोकर सांगेल. एसी फुकट असतो, चालवणं नसतं. आधीच्या भाडेकरूंची उन्हाळ्यातली बिलं मागून बघ.

आता तो ३० टक्क्यांचा नियम. हा ठोकताळा अमेरिकेतला आहे. तिथं सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांकडून जास्तीत जास्त किती भाडं घ्यावं यासाठी १९६९ साली उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली, १९८१ मध्ये ती ३० टक्के झाली. पुढं तोच आकडा जगभरच्या रील्समध्ये सगळ्यांच्या गळ्यात पडला. नियम वाईट नाही, पण तो पगार पूर्ण आपला आहे असं गृहीत धरतो. तुझ्या पगारातले दहा हजार दोनशे हातात यायच्या आधीच दुसऱ्याचे झालेले असतात. तेव्हा टक्के काढायचेच असतील तर ३४,००० चे काढू नकोस, २३,८०० चे काढ. आणि फक्त भाड्याचेही काढू नकोस. भाडं, जेवण, मावशी, बिलं, ये-जा ही सगळी एकच रक्कम धर. तुझ्या बाबतीत ही रक्कम १९,००० च्या आत राहिली तर श्वास घेता येईल. वर सांगितलेल्या हिशेबात ती २३,६०० होते.

म्हणजे नाहीच जमणार का? तसं मी म्हणत नाही. या अटींवर जमणार नाही, एवढंच. आणि या अटी तू कधी तपासल्याच नाहीस, कारण त्या मैत्रिणीनं आपलेपणानं सांगितल्या.

पहिली अट 'निम्मं-निम्मं'. ऐकायला अगदी न्याय्य. पण दोन खोल्यांपैकी मोठी, अटॅच्ड बाथरूमची, बहुतेक बाल्कनीचीही खोली तिची. तू हॉलमधलं बाथरूम वापरणार. पाहुणे आले की तेच ते वापरणार. मग भाडं निम्मं कसं? पगार तिचा दुप्पट आहे म्हणून तिनं जास्त द्यावं असं मी अजिबात सुचवणार नाही. मैत्रिणींमध्ये पगाराच्या प्रमाणात भाडं वाटलं की थोड्याच दिवसांत त्याला उपकाराचा वास येतो. तू नवी कुर्ती घेतलीस तरी तिच्या मनात हिशेब सुरू होईल, आणि तिला न सांगता तुझ्याही. खोलीप्रमाणे भाडं वाटलं तर त्यात उपकार कुणाचाच नाही. जास्त जागा, जास्त पैसे.

भाव कसा ठरवायचा? लहानपणी घरात बर्फीची वडी वाटायची रीत होती, एकानं कापायची आणि दुसऱ्यानं आधी उचलायची. तशीच इथं एकीनं दोन्ही खोल्यांचे भाव ठरवावेत, बेरीज २८,००० व्हायला हवी, आणि दुसरीनं खोली निवडावी. भाव तिनं ठरवले तर ती मोठ्या खोलीला उगाच कमी भाव लावणार नाही, कारण मग ती खोली तू उचलशील. तिला मोठी खोली हवीच असेल तर १७,००० आणि ११,००० अशी वाटणी मला अवास्तव वाटत नाही.

तुझ्याकडे ११,००० आले आणि स्वयंपाकाच्या मावशी पहिले काही महिने लावल्या नाहीत, तर हिशेब असा: ११,००० भाडं, ६,३५० घरखर्च, १,५०० ये-जा, एकूण १८,८५०. हातात ४,९५०. यात रिचार्ज, औषधपाणी, गावाला जाणं, थोडी हौस, आणि जमलं तर दोन हजार बाजूला. ओढाताण आहे, पण कर्ज काढायची वेळ येणार नाही. दोघींनी आळीपाळीनं कुकर लावायचा. वरण-भात आणि एक भाजी एवढं येत असेल तर आठवडा निघतो.

दुसरी अट डिपॉझिटची, आणि इथं मला तुझं म्हणणं जरा उलटंपालटं करायचं आहे. "डिपॉझिट मी भरते, तू सावकाश दे" हे वाक्य तू उधारी म्हणून ऐकलंस. तुझ्या डोक्यावर पन्नास हजारांचं कर्ज येणार म्हणून झोप उडाली. पण डिपॉझिट हा खर्च नाही. घर सोडताना ते परत मिळायचं असतं. मैत्रिणीनं लाखभर रुपये घरमालकाकडे ठेवले तर ते तिचेच पैसे तिथं ठेवलेले आहेत. जाताना तीच घेऊन जाईल. तू तिला पन्नास हजार कशाला द्यायचे? तिला सरळ सांग, "डिपॉझिट तुझंच राहू दे. शेवटी रंगकामासाठी किंवा मोडतोडीसाठी मालकानं काही कापलं तर त्यातले निम्मे मी तुला देईन." तिची तयारी नसेल तर तेही ठीक, पैसे तिचे आहेत. मग ही जागा तुझ्या आवाक्याबाहेरची आहे हे स्पष्ट होईल, आणि ते आत्ता स्पष्ट झालेलं बरं.

सुरुवातीचा खर्च मांडलास का? तुझ्या एक्सेलमध्ये तो दिसला नाही. निम्म्या डिपॉझिटचे ५०,०००, ब्रोकरचे १४,०००, पहिल्या महिन्याचं भाडं १४,०००, कराराचे दोनेक हजार, गादी-शेगडी-बादल्या-पडदे-मिक्सर असं करत पंधरा हजार. पंच्याण्णव झाले, तुझ्याकडे पासष्ट आहेत. हेच डिपॉझिट तिच्याकडे ठेवून, ११,००० ची खोली घेऊन आणि सामान दहा हजारांत बसवून केलंस तर ३७,००० लागतात आणि २८,००० बँकेत राहतात. या २८,००० ला हात लावायचा नाही. का ते पुढं येईल.

सामानाचं सांगते. कुठलीच मोठी वस्तू दोघींत मिळून घेऊ नका. फ्रिज एकीचा, वॉशिंग मशीन दुसरीचं. तुला आत्ता मशीन परवडत नसेल तर शेगडी आणि मिक्सर तुझे. मिळून घेतलेल्या फ्रिजचं घर सोडताना काय करायचं यावर चांगल्या-चांगल्या मैत्रिणींनी अबोला धरलेला मी पाहिलाय. पाइपगॅस नसेल तर सुरुवातीला पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो.

आता जे कुणीच बोलत नाही ते. अकरा महिन्यांच्या कराराच्या मधेच तुमच्यापैकी एक निघून गेली तर? तू लिहिलं नाहीस, पण तुम्ही दोघी चोवीस-पंचवीसच्या आहात. एखादीला बंगळूरची ऑफर येईल, एखादीच्या घरी स्थळ पसंत पडेल आणि साखरपुड्याची तारीख निघेल. कुणाचीच चूक नसेल. भाडं मात्र २८,०००च असेल, आणि करारावर दोघींची नावं असतील तर मालक राहिलेल्या एकीकडे सगळं मागेल. त्याला तुमचं निम्मं-निम्मं माहीत नाही आणि माहीत असण्याचं कारणही नाही. म्हणून ते २८,००० राखून ठेवायचे. एक महिना एकटीनं भाडं भरून नवी जोडीदारीण शोधण्याइतका तो श्वास आहे.

आणि आपसातलं लिहून ठेवायचं. स्टॅम्प पेपर नको, वकील नको. एकमेकींना पाठवलेला एक मेल पुरे. त्यात एवढंच: कोणाची खोली कोणती आणि भाडं किती, डिपॉझिट कुणी भरलं, जिला सोडायचंय तिनं दोन महिने आधी सांगायचं किंवा दुसरीला पटेल अशी नवी मुलगी आणून द्यायची, आणि नवी मुलगी आली तर जाणारीचं डिपॉझिट तिच्याकडून कसं वळतं करायचं. मालकाबरोबरच्या करारातला नोटिशीचा काळ आणि लॉक-इन (ज्याआधी घर सोडता येत नाही ती मुदत) याच्याशी हे जुळतंय का ते बघून घ्या. सहा महिन्यांचं लॉक-इन असेल तर त्याआधी सोडण्याची किंमत काय, हे सही करायच्या आधी विचारा.

मालकाच्या कराराबद्दल दोन गोष्टी इथल्या सगळ्याच वाचकांसाठी सांगते, कारण यावर गैरसमज फार. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही, नोटरी केलं की झालं" असं अजूनही ब्रोकर सांगतात. महाराष्ट्रात ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे असं घर भाड्यानं देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत काहीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि पुढं वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं. म्हणजे नोंदणी मालकाच्याही फायद्याची आहे, त्याला तसं सांगायला बिचकू नका. खर्चही डोंगराएवढा नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असतं. तुमच्या घराला ते आठशेच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. बाकी जे काही तीन-चार हजार सांगतात ती घरी येऊन अंगठा घेणाऱ्या एजंटची मजुरी आणि किरकोळ आकार. तो खर्च मालक आणि भाडेकरू यांनी वाटून घ्यावा, एवढं मागायला हरकत नाही.

करारावर दोघींची नावं हवीत. "कागदोपत्री मी एकटी राहते, सोपं पडेल" असं मैत्रीण म्हणाली तर गोड नकार दे. तुझं नाव नसेल तर तू तिथं पाहुणी. पत्ता बदलायचा, बँकेत दाखवायचा, काहीही करायचं तर कागद हवा. (एचआरएच्या, म्हणजे घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीच्या, मोहानं नावं घालायची असतील तर तो विचार सोड. नव्या करप्रणालीत एचआरएची सवलत नाही, आणि तुमच्या दोघींच्या पगारावर त्या प्रणालीत तसाही आयकर येत नाही.)

सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, हे विचारायला विसरू नका. मालक बाहेर राहतो म्हणून सोसायटी त्याच्याकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत आणि ते मालकाचे असतात, तुमच्या माथी मारायचे नसतात. वाकड-पुनावळे-बाणेर पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये बऱ्याच सोसायट्या टँकरवर असतात. पाण्याचे वेगळे पैसे लागतात का आणि नळाला दिवसातून किती वेळ पाणी असतं, ते ब्रोकरला विचारू नका, वॉचमनला विचारा. आणि टोकन म्हणून कुणी यूपीआयवर पैसे मागितले तर आधी घर आतून बघायचं, मालकाच्या नावाचं वीजबिल किंवा मिळकतकराची पावती बघायची, मगच द्यायचे. मी लष्करात आहे, बदली झालीय, चावी पाठवतो, आधी पैसे टाका, असं सांगून फसवणारे बरेच आहेत. ब्रोकरचे पैसेही करार नोंदवल्यावर. महिन्याभराचं भाडं हा त्यांचा रिवाज आहे, कायदा नाही. विचारून बघायला काय जातं?

आता तुझा खरा प्रश्न. मैत्रीत हिशेब बरा दिसत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, भीड भिकेची बहीण. आज भिडेपोटी निम्म्याला हो म्हणालीस तर तिसऱ्या महिन्यात तू तिच्याकडे पाचशे-हजार मागशील. तेव्हा जास्त लाज वाटेल. शिवाय एक विचार कर. तिला तुझा पगार माहीत आहे का? घरी पैसे पाठवतेस हे माहीत आहे का? तुझ्या पत्रावरून मला वाटतं, नाही. मग तिनं 'निम्मं-निम्मं' म्हणताना तुझ्यावर अन्याय केला असं म्हणता येणार नाही. तिच्यापुढं जी माहिती होती, तिच्यावर ती बोलली. तू गप्प बसून तिला चुकीचं ठरवायच्या बेतात आहेस.

घर बघायला जाताना, ब्रोकरसमोर किंवा चॅटवर हे बोलू नको. चहाला भेट आणि आकड्यानंच सुरुवात कर. "हे बघ, घरी पैसे पाठवून आणि हप्ता भरून माझ्याकडे राहण्या-जेवण्यासाठी महिन्याला एकोणीस हजार आहेत. त्याच्या वर नाहीत. तुझ्याबरोबर राहायचं मनात आहे, म्हणून आधीच सांगतेय." एवढंच. माफी मागू नको, 'सॉरी गं, माझंच जरा टाइट आहे' वगैरे नको. मग खोलीप्रमाणे भाड्याचा आणि डिपॉझिटचा प्रस्ताव ठेव. ती "अगं, आधी सांगायचंस ना" असं म्हणेल असा माझा अंदाज आहे. ती रुसली किंवा "एवढं काय हिशेब करतेस" म्हणाली, तर तेही कळलेलं चांगलं. सहा महिन्यांनी बाई रजेवर गेली म्हणून भांडी कुणी घासायची यावर हीच चर्चा झाली असती.

रोजच्या खर्चाला ॲपवर चहा-बिस्किटांच्या नोंदी ठेवणाऱ्या पोरी मला दिसतात. मला ते फारसं आवडत नाही. माणूस दर वेळी भाजीवाल्यासमोर फोन काढून देणेकरी-घेणेकरी होतो. त्यापेक्षा १ तारखेला दोघींनी ठरलेली रक्कम एका खात्यात टाकायची, किराणा, दूध, गॅस, मावशी, वायफाय सगळं त्यातून. महिनाअखेर संपलं तर दोघींनी सारखंच भरायचं. वीजही त्यातूनच, पण कुणाचा मित्र किंवा भाऊ आठवडाभर राहायला येणार असेल तर आधी विचारायचं, हा नियम पहिल्याच दिवशी करा. घरात एसी एकाच खोलीत असेल तर त्या खोलीवालीनं बिलात काय जास्त द्यायचं, तेही.

घरी कमी पाठवण्याबद्दल विचारलंस. घरी पाठवतेस ते ६,००० कशात जातात हे तुला माहीत आहे का? औषधं, धाकट्या भावाची फी असेल तर ती रक्कम मधेच कमी करून चालणार नाही. ते वडील तुझ्याच नावानं साठवत असतील, आपल्याकडे हे पुष्कळ घरांत चालतं, तर तीन महिने थांबवल्यानं काही अडत नाही. पण विचारून. "यंदा पगार उशिरा झाला" असं सांगून परस्पर कमी करू नको. आईला पीजीबद्दल जी खात्री वाटते ती जेवणाची आणि दाराला कुलूप लावणाऱ्या माणसाची आहे. तिला घर दाखव, मैत्रिणीच्या आईचा नंबर दे, दोघींना एकमेकींशी बोलू दे. तिचं म्हणणं आर्थिकदृष्ट्या मात्र चुकीचं नाही: ९,५०० मध्ये जे मिळतंय ते वाकडमध्ये त्या भावात मिळणार नाही. तू घर घेणार आहेस ते स्वतःच्या खोलीचं दार आतून लावता यावं म्हणून. त्याचे पैसे जास्त पडणार, हे मान्य करून घे म्हणजे पुढं दर महिन्याला खंत वाटणार नाही.

मैत्रिणीनं या अटी मानल्या नाहीत तर रस्ते बंद होत नाहीत. पुनावळे किंवा ताथवडेकडे भाडं जरा कमी असतं, हिंजवडीतच जुन्या इमारती आहेत, तिघींत एक टू बीएचके घेता येतं (सोसायटीची आणि मालकाची परवानगी आधी). किंवा तू आणखी सहा महिने पीजीत राहून पगारवाढ होऊ दे आणि मग बघ.

माझा कल विचारशील तर आधी तालीम कर. येत्या १ तारखेला पगार आला की पीजीचे ९,५०० भरून, त्यावर ९,३५० रुपये वेगळ्या खात्यात टाक आणि ते खातं फोनवरून काढून टाक. नव्या घरात तुझे १८,८५० जाणार आहेत. पीजीपेक्षा जास्त लागणारे पैसे ते हेच. उरलेल्या ४,९५० मध्ये महिना काढून बघ. दोन महिने निभावलं तर घर परवडतंय, वर १८,७०० साठलेत. वीस तारखेलाच त्या खात्याकडे हात गेला तर तुला उत्तर मिळालं. एवढ्यात वाकडचं ते घर जाईल असं ब्रोकर म्हणेल. जाऊ दे. त्या भागात टू बीएचकेचा दुष्काळ नाही.

आणि पीजीचं डिपॉझिट तू कुठंच धरलेलं नाहीस. तिथंही काही हजार अडकलेले असणार. पावती शोध, नोटीस किती दिवसांची आहे ते वाच. बऱ्याच ठिकाणी महिनाभर आधी लेखी सांगावं लागतं, नाहीतर एका महिन्याचे पैसे जातात. म्हणजे नव्या घराची तारीख पक्की झाली की त्याच दिवशी पीजीवाल्यांना मेसेज कर, तोंडी सांगू नको, आणि त्यांचं "ओके" आलेलं जपून ठेव.